बातमीतली हद्द कशी वाचायची: एका मोजणीदाराची पद्धत

रेडीहून तेरेखोलला निघालं की गोवा खाडीच्या अलीकडेच लागतो. शाळेत आपण शिकतो की तेरेखोलची खाडी ही गोव्याची उत्तरेची सीमा. मग खाडीच्या उत्तरेला, आपल्या बाजूला असलेला किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं गाव गोव्यात कसं? तिथल्या माणसाला गोव्यातच, पण पणजीला जायचं असेल तर फेरीबोटीत बसून केरीला उतरावं लागतं. महाराष्ट्रात मात्र तो पायी येऊ शकतो.

याचं उत्तर भूगोलात शोधून मिळत नाही, ते १७४६ सालात आहे. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. त्या साली पोर्तुगिजांनी तो घेतला, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा तो त्यांच्याकडेच होता. मधे १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिथे तिरंगा लावला, त्याची आठवण आमच्या भागात अजून सांगतात. सावंतवाडीचं संस्थान गेलं, पोर्तुगीज गेले, त्या दोघांच्या भांडणात पडलेली रेघ तेवढी राहिली. आज दोन्हीकडे एकच देश आहे म्हणून तिच्यावरून कुणाचा जीव जात नाही. जगात बाकीच्या अशा रेघांचं नशीब एवढं बरं नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. ३३ वर्षं सिंधुदुर्गात हद्दी कायम केल्या. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी वाचनालयात बसतो. २०२५ च्या जुलैत थायलंड आणि कंबोडिया एकमेकांवर तोफा डागत होते, तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने विचारलं, “काका, एका देवळावरून दोन देश एवढे कसे भांडतात?” मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्याला ते प्रकरण काढून दाखवलं, जसं सर्व्हे नंबरचं प्रकरण काढतात तसंच. त्यानंतर आणखी दोघं-तिघं बसायला लागले. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. टीव्हीवर सीमेची बातमी आली की काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, एवढंच यात आहे.

आधी कागद शोधा

बातमी कुठलीही असो, पहिलं काम म्हणजे त्या रेघेचा मूळ कागद कोणत्या सालचा आणि त्यावर सह्या कुणाच्या, हे वहीत लिहायचं. ड्युरँड रेषा: १८९३, ब्रिटिश हिंदुस्थान आणि अफगाण अमीर अब्दुर रहमान. मॅकमहोन रेषा: १९१४, ब्रिटिश आणि तिबेट. तुर्कांचा अरब मुलूख वाटून घेणारी सायक्स-पिको: १९१६, ब्रिटन आणि फ्रान्स. फाळणीची रॅडक्लिफ रेषा: १९४७. हे शोधायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं न देताच लोक तासभर वाद घालतात, याचं मला वाईट वाटतं.

साल मिळालं की दुसरा प्रश्न: त्या साली सही करणाऱ्याला भीती कुणाची होती? बहुतेक वेळा ती भीती तिथे राहणाऱ्या लोकांची नसते. ती असते पलीकडच्या दुसऱ्या साम्राज्याची. अफगाणिस्तानच्या नकाशात ईशान्येला एक लांबोडकं शेपूट दिसतं, ते वाखान. काही ठिकाणी ते पंधरा किलोमीटरसुद्धा रुंद नाही. १८९५ साली रशिया आणि ब्रिटन यांच्या आयोगाने ते कायम केलं, कारण दोघांच्या हद्दी एकमेकींना चिकटू नयेत एवढीच दोघांची इच्छा होती. आपल्याकडे दोन भांडकुदळ भावांच्या मधे पाणंद सोडतात, तशी ही पाणंद. पाणंदीत राहणाऱ्या वाखी माणसांना काय हवं होतं, हा प्रश्न त्या कागदावर नाही.

वेंगुर्ल्यात डच वखारीचे पडके अवशेष आहेत. आम्ही लहानपणी तिथे खेळायचो. डचांनी १७ व्या शतकात ती इथे बांधली, कारण गोव्यातल्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला ही जागा सोयीची होती. याच दोघांचं भांडण पूर्वेला तिमोर नावाच्या बेटावर चालू राहिलं. बेटाचा पश्चिम भाग डचांकडे, पूर्वेचा पोर्तुगिजांकडे, आणि डचांच्या भागात ओएकुसी नावाचा पोर्तुगीज तुकडा, अगदी तेरेखोलसारखा. १८५९ चा तह झाला, १९०४ चा झाला, शेवटी १९१४ साली लवादाने रेघ ठरवून दिली. डचांचा भाग पुढे इंडोनेशिया झाला. पोर्तुगीज निघताच १९७५ च्या डिसेंबरात इंडोनेशियाने पूर्व भागात सैन्य घातलं. त्या लोकांना स्वतंत्र देश मिळायला २००२ साल उजाडलं. वखारीच्या भिंतीला हात लावून मी हे मुलांना सांगतो, कारण वेंगुर्ल्यातली ही दगडी भिंत आणि तिमोरची रेघ एकाच भांडणाची आहेत.

चतुःसीमा एक सांगते, नकाशा दुसरं

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भांडणं याच ठिकाणी जन्मतात.

जमिनीच्या दस्तात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस व्हाळ म्हणजे ओढा, पश्चिमेस अमक्याचं कुळागर, असं. खात्यात टिपण, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांचा कागद, आणि नकाशा असतो. दोन्ही जुळले तर प्रश्न नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कुडाळ तालुक्यात मी एक मोजणी केली. दोन चुलत भाऊ, मधे व्हाळ. टिपणाप्रमाणे मी माप टाकलं आणि खुणा ठोकल्या. खूण पडली ती एका भावाच्या माडांच्या आत, चांगली पंधरा हात. पडवीतून एक म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, “जुनो धोंडो माज्या सासऱ्यान हलवूक नाय रे झिला, व्हाळान हलवल्यान.” मोठ्या पुरात व्हाळाने पात्र बदललं होतं. दस्तात ‘व्हाळ’ लिहिलेला, टिपणात जुन्या व्हाळाची रेघ, आणि पाणी वाहत होतं तिसरीकडून. मी तरुण होतो, कागद माझ्या हातात होता. तिचा जबाब मी लिहून घेतला नाही. मोजणीच्या नकाशाची क प्रत दिली आणि पुढच्या गावाला गेलो. ते प्रकरण अकरा वर्षं कोर्टात चाललं. एक भाऊ वारला तेव्हा दुसरा खांदा द्यायला गेला नाही. ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो: शब्द आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवा, आणि मग जागेवर काय आहे ते विचारा. तिन्ही.

आता ते थायलंड-कंबोडियाचं देऊळ. प्रेह विहार हे शंकराचं जुनं ख्मेर मंदिर, डांगरेक डोंगराच्या कड्यावर. थायलंडच्या बाजूने चढ सोपा, कंबोडियाच्या बाजूला सरळ कडा. कंबोडिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता, आणि सयाम हे थायलंडचं जुनं नाव. १९०४ साली फ्रान्स आणि सयाम यांच्यात तह झाला, त्यातले शब्द असे की या डोंगरात हद्द पाणलोटाच्या रेषेने जावी. म्हणजे जिथून पावसाचं पाणी दोन बाजूंना वेगळं होतं ती रेषा. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पुढे नकाशा केला फ्रेंच अधिकाऱ्यांनी, १९०७ साली. त्या नकाशात देऊळ कंबोडियात दाखवलं होतं. सयामचं पुढे म्हणणं असं की खरा पाणलोट घेतला तर देऊळ आमच्याकडे येतं.

मग सयामने हरकत घेतली का? नाही. नकाशे पोचले तेव्हा त्यांनी आभार मानले आणि प्रांताच्या अधिकाऱ्यांसाठी आणखी पंधरा प्रती मागवल्या. १९३० साली सयामचे राजपुत्र दामरोंग देऊळ पाहायला गेले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रेंच झेंड्याखाली त्यांचं स्वागत केलं. तेव्हाही कुणी काही बोललं नाही. १९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नऊ विरुद्ध तीन मतांनी देऊळ कंबोडियाला दिलं. पाणलोट नेमका कुठून जातो हे ठरवायची गरजच न्यायालयाला वाटली नाही. तुम्ही इतकी वर्षं नकाशा मानलात, हे पुरे झालं. आमच्या खात्यात नोटीस लागून मुदतीत हरकत आली नाही की जे होतं, तेच झालं.

पण देवळाचा निकाल लागला तरी शेजारच्या डोंगराचा लागला नव्हता. २००८ साली देवळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गोळीबार सुरू झाला, तो २०११ पर्यंत अधूनमधून चालला. २०१३ साली न्यायालयाला आपल्याच निकालाचा अर्थ पुन्हा सांगावा लागला. कंबोडिया अजून एकास दोन लाख प्रमाणाचा फ्रेंच नकाशा पुढे करतो, थायलंड एकास पन्नास हजारचा आपला. प्रमाण हा शब्द बातमीत आला की कान टवकारा. लहान प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलीची जाडी म्हणजे जागेवर अख्खी वाडी असते.

आपल्या देशाचंही असंच एक दुखणं आहे. १९१४ च्या मॅकमहोन रेषेच्या नकाशाचं प्रमाण एका इंचाला आठ मैल. तत्त्व होतं उंच पाणलोटाचं, आणि तवांगच्या पश्चिमेला काढलेली रेघ मात्र थागला डोंगराच्या धारेच्या दक्षिणेला पडली. भारत म्हणाला, धार खरी. चीनने तर तो कागदच मानला नव्हता. १९६२ च्या २० ऑक्टोबरला लढाई पेटली ती याच भागात, थागलाखालच्या नामका चू नदीच्या काठी. त्या युद्धाची कारणं याहून बरीच मोठी आहेत, लडाखमधला अक्साई चीन तर आहेच. पण ठिणगी पडायला एवढी फट पुरली.

नोटीस कुणाला गेली नव्हती

मोजणीच्या आधी लगतच्या कब्जेदारांना नोटीस द्यावी लागते. ती गेली नसेल तर मोजणी कितीही अचूक असली तरी गावात टिकत नाही. म्हणून तिसरं काम: कागदावर कुणाची सही नाही ते पाहा.

माझे भावोजी कुवेतमध्ये सुतारकाम करायचे. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे आले. पुढे दीड महिना त्यांचा पत्ता नव्हता. माझी बहीण रोज पोस्टात जायची. नंतर ते इराकमधून वाळवंटातून जॉर्डनला आणि अम्मानहून विमानाने मुंबईला आले. त्या वर्षी सुमारे पावणेदोन लाख भारतीय असे परत आणले गेले, आणि रत्नागिरी, रायगडातल्या खाडीकाठच्या गावांत असं एखादं तरी घर सापडतंच. अंगावरच्या कपड्यानिशी आलेल्या भावोजींनी मला विचारलं होतं, “ह्यांचा वाद तरी काय होता?” तेव्हा मला सांगता आलं नाही.

कागद असा. १८९९ साली ब्रिटिशांनी कुवेतच्या शेखाशी गुपचूप करार केला, दुसऱ्या कुणाला जमीन द्यायची नाही म्हणून. मनात भीती तुर्कांची, रशियाची, आणि बगदादला येऊ घातलेल्या जर्मन रेल्वेची. १९१३ साली ब्रिटन आणि तुर्कस्तान यांच्यात हद्दीचा मसुदा झाला. त्यावर शिक्कामोर्तब व्हायच्या आत महायुद्ध सुरू झालं. १९२२ मध्ये उकैर इथे ब्रिटिश अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी नज्द (आजच्या सौदी अरेबियाचा भाग), इराक आणि कुवेतच्या हद्दी ठरवल्या. हजर असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की कॉक्सनी लाल पेन्सिल घेऊन नकाशावर रेघ ओढली. कुवेतचा शेख तिथे नव्हता. त्याच्या वतीने बसला होता ब्रिटिशांचाच अधिकारी, आणि शेख आपली समजत होता त्यातली निम्म्याहून जास्त जमीन त्या बैठकीत गेली. इराकला समुद्रकिनारा मिळाला जेमतेम ५८ किलोमीटर. ती अडचण इराकच्या प्रत्येक राजवटीने बोलून दाखवली.

आणि जागेवरची खूण काय होती? इराकच्या हद्दीवरच्या सफवान गावातल्या सर्वात दक्षिणेकडच्या खजुराच्या झाडापासून एक मैल दक्षिणेला लावलेली एक पाटी. ही पाटी पुढे नाहीशी झाली. खजुराची नवी झाडं आली, जुनी मेली. मी नोकरीत ‘हद्दीचा आंबा’ असं लिहिलेले दस्त किती पाहिले असतील! आंबा चाळीस वर्षांपूर्वी तोडलेला असायचा. १९९१ च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाला तो खजूर आणि ती पाटी कुठे असेल हे जुन्या कागदांवरून शोधत बसावं लागलं, तेव्हा कुठे १९९३ मध्ये हद्द कायम झाली.

सद्दाम हुसेनने खजुरासाठी युद्ध केलं, असं मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यावर इराणशी केलेल्या युद्धाचं कर्ज होतं आणि डोळा तेलावर होता. पण ‘ही जमीन मुळात आमचीच’ असं सैन्याला सांगायला त्याच्याकडे जुनी फाईल तयार होती.

ज्यांना नोटीस गेली नाही त्यांची यादी लांब आहे. कुर्दांना १९२० च्या सेव्हर्स तहात स्वतंत्र राज्याची शक्यता दाखवली आणि १९२३ च्या लोझान तहात त्यांचं नावही नाही. पठाणांच्या टोळ्या ड्युरँड रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि काबूलच्या कुठल्याही सरकारने, राजा असो, कम्युनिस्ट असो वा तालिबान, ती रेषा देशाची सीमा म्हणून मनापासून मानलेली नाही. पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरचं तोरखमचं फाटक बंद झाल्याची बातमी आली की हे आठवायचं.

वहिवाट

कागद एका बाजूला आणि वहिवाट दुसऱ्या बाजूला, हे कोकणात कुणाला नवीन नाही. यासाठी दादरा-नगर हवेलीचं प्रकरण जरूर वाचा. पेशव्यांनी १७७९ च्या तहाने आणि १७८३, १७८५ च्या सनदांनी तिथली गावं पोर्तुगिजांना दिली. दिली म्हणजे काय दिलं? सरंजाम. मराठीत सरंजाम म्हणजे वसूल खायचा हक्क, राज्य नव्हे. १९५४ मध्ये ही गावं मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, की आम्हाला तिथे जायला वाट द्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मान्य केलं की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलंच नव्हतं. पण पुढे ब्रिटिशांनी ती गावं पोर्तुगालचीच धरून व्यवहार केला, म्हणून वहिवाटीने ती त्यांची झाली. माणसांना आणि मालाला वाट होती, हत्यारबंद सैन्याला आणि पोलिसांना नव्हती, आणि भारताने ती वाट अडवली यात चूक नाही, असा निकाल. हेगच्या कोर्टात आपला ‘सरंजाम’ हा शब्द तोलला गेला, हे कळलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

सगळं रेघेवर ढकलू नका

हे करताना एक मोह होतो. साल सापडलं, साहेबाचं नाव सापडलं, की सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. आफ्रिकेतल्या देशांनी १९६४ साली कैरोत एकत्र बसून ठरवलं की मिळाल्या त्या हद्दी ठेवायच्या, नाहीतर रोज युद्ध होईल. ते धोरण मला शहाणपणाचं वाटतं. नायजेरिया आणि कॅमेरून यांच्यात बकासी द्वीपकल्पावरून वाद होता, मूळ कागद १९१३ चा, ब्रिटन आणि जर्मनीचा. २००२ साली निकाल लागला, २००८ पर्यंत नायजेरियाने ताबा सोडला. आपण आणि बांगलादेशने ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री एकमेकांच्या पोटात अडकलेले १६२ तुकडे बदलून घेतले, १११ आपले आणि ५१ त्यांचे. पन्नास हजारांवर माणसांना त्या रात्री पहिल्यांदा पुरता देश मिळाला. म्हणून वहीत शेवटचा रकाना ठेवा: आज ही रेघ कुणाला हवी आहे आणि कशासाठी? तेल, पाणी, मासळी, निवडणूक, जे असेल ते स्पष्ट लिहा.

सर क्रीक, पहिल्यापासून

आता एक प्रकरण आपण पूर्ण काढू, कारण ते आपल्या माणसांचं आहे. सर क्रीक ही कच्छ आणि सिंध यांच्यामधली खाडी. डहाणू, तलासरीकडची मुलं खलाशी म्हणून गुजरातच्या ट्रॉलरवर जातात. त्यातली काही कराचीच्या मालीर तुरुंगात जाऊन पडतात. का?

कागद: मुंबई सरकारचा १९१४ चा ठराव. म्हणजे ज्या इलाख्यात आपली रत्नागिरी होती त्याच सरकारचा. तेव्हा दोन्ही पक्ष ब्रिटिशांच्याच छायेत होते, एक कच्छचं संस्थान आणि दुसरा सिंध. भांडण १९०८ च्या सुमाराचं, आणि ते जळाऊ लाकडावरून. खाडीकाठची लाकडं कुणी तोडायची, एवढ्यावरून.

शब्द आणि नकाशा: ठरावाचा नववा परिच्छेद सांगतो की हद्द खाडीच्या पूर्वेला. सोबतच्या नकाशात हिरवी रेघ पूर्व काठाने. म्हणजे पूर्ण खाडी सिंधची. पाकिस्तान हे धरून बसतो. दहावा परिच्छेद सांगतो की जिथे होड्या चालतात अशा खाडीत हद्द खोल पात्राच्या मधोमध असते. कायद्यात याला थालवेग म्हणतात. भारत हे धरतो, आणि १९२५ च्या नकाशातली मधली रेघ आणि तेव्हाचे खांब दाखवतो. पाकिस्तान म्हणतो, ही खाडी होड्या चालण्यासारखी नाहीच. भारत म्हणतो, भरतीला चालतात. एकाच कागदाचे दोन परिच्छेद, दोन देश.

जागेवर: ही खाडी सुमारे ९६ किलोमीटरची, सगळी चिखलाची. चिखलाची खाडी जागा सोडते. तेरेखोलच्या मुखाशी वाळूचा दांडा दरवर्षी कसा सरकतो हे आपण बघतो, तिथे तर शंभर वर्षं गेली.

नोटीस: मच्छीमारांना कुणीच विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. १९६५ नंतर कच्छच्या रणाचा वाद लवादाकडे गेला, १९६८ मध्ये सुटला, बहुतेक भाग आपल्याला मिळाला. पण सर क्रीक त्या लवादापुढे ठेवलंच गेलं नाही.

आज कशासाठी: चिखलाला किंमत नाही. पण जमिनीची हद्द समुद्राला जिथे भेटते तिथून पुढे समुद्रातली रेघ सुरू होते. तो बिंदूच ठरलेला नाही, मग पुढच्या पाण्यात मासळी कुणाची आणि तळाखाली काही सापडलं तर ते कुणाचं, हे कसं ठरणार? २००७ साली दोन्ही देशांनी मिळून मोजणीही केली. मोजणी झाली, सही झाली नाही. ट्रॉलरवरच्या पोराला पाण्यात खांब दिसत नाही. मासळीच्या मागे जाळं जातं, जाळ्यामागे बोट जाते.

वही अशी एका पानाची होते. प्रत्येक प्रकरणाला एक पान पुरतं. नकाशे दोन्ही देशांचे घ्या, एकाचाच घेऊ नका. गावांची आणि नद्यांची नावं दोन्ही भाषांत लिहून ठेवा, कारण एकाच नदीची दोन नावं असली की तहात गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे निकाल सगळ्यांना वाचायला खुले आहेत. लांब असतात, पण सुरुवातीची हकिकत वाचली तरी पुष्कळ कळतं.

२००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो. त्यात डहाणू, तलासरीकडचे किती ते बहुधा नसतं, ते पालघरच्या बातम्यांत वेगळं शोधावं लागतं. मी ते कात्रण काढून सर क्रीकच्या पानामागे चिकटवतो आणि सुटून आलेल्यांच्या संख्येवर खूण करतो.